एकविसावी तबकडी

दादाच्या पहिल्या तबकडीत बँडपेक्षा त्याचा डावा बूट जास्त ऐकू येतो. ठेका द्यायला तो टाच आपटायचा आणि रेकॉर्डिंगच्या खोलीची जमीन होती लाकडी. आवाज ओढून घेणाऱ्या भोंग्याने तो बूट इमानेइतबारे टिपला. कंपनीने तरीही ती तबकडी बाजारात आणली, लोकांनी तरीही ती घेतली, आणि वर नाचायला सोपी जाते म्हणून तिचं कौतुकही झालं. जॅझ हा शब्दच तेव्हा इतका नवा होता की वर्तमानपत्रवाले तो तीन तऱ्हांनी छापायचे. बूट हाही त्या संगीताचाच भाग असेल, असं लोकांना वाटलं असावं. दुसऱ्या तबकडीपासून आम्ही मोज्यांवर उभे राहून वाजवू लागलो.

सहा वर्षांत अशा वीस तबकड्या झाल्या. बँड सात जणांचा. दादा झुपकेदार मिशांचा, रुंद खांद्यांचा, पुढे उभा राहून कॉर्नेट, म्हणजे आखूड बांध्याचा ट्रम्पेट, वाजवणारा मालक. मी त्याचा धाकटा भाऊ, दुसरा कॉर्नेट. दुसरा कॉर्नेट म्हणजे काय, तर पहिला जे बोलेल त्याला मान डोलावणारा. बाकी पाच जण म्हणजे क्लॅरिनेट, बॅन्जो, पियानो, ड्रम आणि ट्यूबावाले काका. काका कुणाचेच काका नव्हते, पण एवढं मोठं पितळ अंगाखांद्यावर वागवणाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही.

दादाचं नाव झालं ते एका तुकड्यामुळे. आमच्या शेवटच्या नाचाच्या मधोमध सगळा बँड खाली बसायचा, आणि एकटा कॉर्नेट खालच्या सुरावरून उचलून वर, आणखी वर, जिथे जाऊ नये असं शिकवणारे सांगतात तिथवर जायचा. जेमतेम पंधरा सेकंद. आम्ही त्याला चढ म्हणायचो. नाचणारी जोडपी तेवढ्यापुरती थांबायची आणि माना वर करून बघायची, जणू सूर छताला लागलेला दिसणार आहे. मी त्याच्या मागच्या खुर्चीवर बसून पाठ बघायचो. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा आणि पोटात दुखायचंही.

मग एका संध्याकाळी एक जोडपं गिरकी घेताना स्टेजवर येऊन धडकलं. त्या बाईच्या कोपराचा फटका दादाच्या कॉर्नेटच्या तोंडाला बसला आणि मागची बाजू दादाच्या दातावर आदळली. वरचा पुढचा दात गेला. दंतवैद्याने दुसरा बसवून दिला, तो दिसायला सुरेख होता. पण कॉर्नेट ओठांनी वाजतो आणि ओठ दातांवर टेकतात. उंच सुरासाठी जोर लावला की तो खोटा दात मागे सरायचा आणि ओठ फाटायचा. खालचे सूर येत होते. वरचे गेले.

महिन्याभराने दादा पुन्हा हॉलमध्ये उभा राहिला. चढ आला. तिसऱ्या सुराला त्याचा आवाज फाटला, आणि मी विचार करायच्या आत मागून तो सूर उचलला. तसाच वर गेलो. दादाने कॉर्नेट ओठांवरून काढला नाही. गाल फुगवले, बोटं चालवत राहिला. टाळ्या पडल्या. तो वाकला आणि त्याने त्या घेतल्या.

त्यानंतर सहा महिने रोज हेच. आणि सहा महिन्यांत दादा एकदाही म्हणाला नाही की वाजव, किंवा मी म्हणालो नाही की वाजवतो. चढाच्या आधी तो खांद्यावरून मागे बघायचा, मी मान हलवायचो, एवढाच काय तो करार. बँडला अर्थात कळलं होतं. पाचही जण मूग गिळून गप्प बसले. घरी वहिनी त्याच्या ओठाला लवंगेचं तेल लावायच्या आणि त्याही गप्प. मला मात्र दिवसेंदिवस जड व्हायला लागलं. माझ्या सुरावर लोक उभे राहायचे आणि फुलं दादाच्या हातात द्यायचे. दादा घरी येऊन ती वहिनींना द्यायचा. एकदा तरी, गंमत म्हणून तरी, त्याने त्यातलं एक माझ्याकडे टाकावं असं वाटायचं. नाही टाकलं.

अशात कंपनीचं पत्र आलं. आमचा तो नाच त्यांना तबकडीवर हवा होता, चढासकट, आणि तबकडीवर चढाच्या वाजवणाऱ्याचं नाव वेगळं छापणार होते. असं तोवर कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की तबकडी समाधानकारक निघाल्यास पुढच्या दोन वर्षांचं काम आमचं, न निघाल्यास ते दुसऱ्या बँडला देण्यात येईल.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी मी दादाला घ्यायला गेलो तेव्हा वहिनी त्याच्या ओठावर कापूस दाबून उभ्या होत्या.

"कंपनीला सांगून टाका ना सरळ," त्या म्हणाल्या. "दात पडला म्हणावं. माणसाचे दात पडतात."

"आज नको," दादा कापसाच्या मागून म्हणाला.

"मग कधी?"

"आज नको म्हटलं ना."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या कडीकडे पाहिलं.

रेकॉर्डिंगची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडक्या बंद, त्यांवर जाड पडदे, आणि कोपऱ्यात शेगडी पेटलेली, कारण थंडीत मेण कडक होतं. एका भिंतीतून पत्र्याचा लांब भोंगा बाहेर आलेला होता. भिंतीपलीकडे यंत्र, आणि यंत्रावर मेणाची जाड चकती. आपण भोंग्यासमोर वाजवायचं, त्या आवाजाने पलीकडची सुई थरथरते आणि मेण कोरत जाते. झालं. चुकलं तर खोडता येत नाही, जोडता येत नाही. तीन मिनिटं दहा सेकंदांत चकती संपते.

आणखी एक गोष्ट, ती लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोरलेलं मेण वाजवून बघता येत नाही. बघता येतं, पण एकदा वाजवलं की सुई त्याची वाट लावते आणि त्यावरून तबकडी छापता येत नाही. म्हणजे जे ऐकलं ते गेलं, आणि जे ठेवायचं ते कुणी ऐकायचं नाही.

यंत्रावर बसणाऱ्या माणसाला आम्ही मेणवाला म्हणायचो. बुटका, एप्रन घातलेला, तोंडावरची माशी हलणार नाही असा. त्याने गरम कपाटातून चार चकत्या काढून ठेवल्या होत्या. एक चाचणीची, तीन खऱ्या. कंपनीचे साहेब त्याच्यामागे काचेच्या छोट्या खिडकीशी बसले होते. आणि बाहेर जिन्यावर दुसरा बँड येऊन थांबला होता. त्यांचा सॅक्सोफोनवाला हसत होता ते दारातून ऐकू येत होतं.

मेणवाल्याने खडूने जमिनीवर खुणा केल्या. ज्याचा आवाज मोठा तो लांब, ज्याचा बारीक तो जवळ. बॅन्जो भोंग्याच्या तोंडाशी. काका पार मागे भिंतीला. ड्रमवाल्याचा ड्रम काढून घेऊन त्याला वाजवायला लाकडी ठोकळा दिला, कारण ड्रमने सुई उडते. ठोकळा हातात घेऊन तो असा बसला होता जसं कुणी त्याचं लग्न मोडलंय. दादाची खूण भोंग्यापासून पाच पावलांवर. माझी त्याच्या मागे, आठ पावलांवर.

चाचणी झाली. चढ आला, दादाने खांद्यावरून पाहिलं, मी वाजवला. मग मेणवाल्याने ती चकती आम्हाला ऐकवली.

नाच छान आला होता. क्लॅरिनेट स्वच्छ होता. मग चढ आला. सगळा बँड आपल्या पुढ्यात बसलेला आणि कॉर्नेट शेजारच्या इमारतीत कुणीतरी वाजवतंय, असं ऐकू येत होतं.

हॉलमधली आठशे माणसं डोळ्यांनी ऐकतात. दादा पुढे उभा, त्याची बोटं चालतायत, म्हणजे सूर त्याचाच. भोंग्याला डोळे नसतात. त्याला फक्त पावलं मोजता येतात, आणि त्याने बरोबर आठ मोजली होती. सहा महिने लपवताना हे आमच्या दोघांच्याही टाळक्यात आलं नव्हतं.

मेणवाला बाहेर आला. दादाजवळ गेला, खाली खडूची खूण बघितली, पुन्हा दादाकडे बघितलं.

"पहिला कॉर्नेट एवढा लांब कसा येतोय?"

"मी जरा बेतानेच वाजवला," दादा म्हणाला. "चाचणी होती ना."

"बेताने नको. जसा हॉलमध्ये वाजवता तसाच वाजवा."

क्लॅरिनेटवाल्याला खोकला आला. मेणवाल्याने दादाला दोन पावलं पुढे घेतलं, नवी खूण केली आणि आत गेला. दादा माझ्यापासून आणखी दोन पावलं लांब गेला होता, दुसरं काही झालं नव्हतं.

भिंतीवरचा दिवा दोनदा लागला. पहिली खरी चकती. आता मी काय करायला हवं होतं? मला सुचलं ते एवढंच की जोरात फुंकावं. चढ आला आणि मी पुढे झुकून सगळा दम लावला. वरच्या सुराला भिंतीपलीकडून कट्ट असा आवाज आला आणि दिवा विझला. सुई मेणातून उडाली होती.

मेणवाला आला तो तरातरा माझ्याकडेच आला. त्याचे कान आमच्या हॉलमधल्या आठशे जणांसारखे नव्हते.

"तुम्ही. दुसरे. चढाला तुम्हाला काय काम आहे? तिथे एकटा कॉर्नेट लिहिलाय ना?"

"साथ देत होतो," मी म्हणालो.

"साथ नकोय. तुमचा आवाजच नकोय मला तिथे."

त्याने मला कोपऱ्यात नेलं. तिथे नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, जाड पडदा टांगलेला होता, जास्त वाजणाऱ्यांना मागे टाकायला. मला त्याच्या मागे उभं केलं. पडद्याच्या कडेतून मला दादाचा अर्धा चेहरा दिसत होता, बाकी काही नाही. तुमचा आवाजच नकोय. ते वाक्य अजून माझ्या कानात बसलेलं आहे, आणि बोलणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

दुसरी चकती यंत्रावर चढेपर्यंत पाच मिनिटं मिळाली. आम्ही बाहेर बोळात आलो. काकांना राहवलं नाही.

"अरे बाबांनो, सरळ जागा बदला," ते हळू आवाजात म्हणाले. "याला पुढे उभा कर, तू मागे हो. साहेबाला काय ते नंतर बघू. मेणावर तर नीट येईल."

मी दादाकडे पाहिलं. हेच. हे एवढंच त्याने म्हणावं. धाकट्या, पुढे ये. नाव त्याचं छापा, फोटो त्याचा छापा, मला काही नको, फक्त त्याच्या तोंडून ते एकदा यावं.

दादाने खिशातून रुमाल काढून ओठ टिपला. रुमालावर लाल ठिपका उमटला, त्याने घडी उलटी केली.

"नको," तो म्हणाला. "माझी जागा तीच आहे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "खोली फारच गरम केलीये, नाही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा महिने. सहा महिने मी याची अब्रू तोंडाने झाकतोय आणि हा मला हवापाण्याच्या गप्पा सांगतोय. बोलायची सवयच राहिली नव्हती आम्हाला.

दुसऱ्या चकतीला मी पडद्याआडून जीव तोडून वाजवलं. नमद्याने ते सगळं पिऊन टाकलं. मला स्वतःलाच ते घशातल्या घशात आल्यासारखं वाटत होतं. दादा भोंग्यासमोर गाल फुगवून उभा होता आणि भोंग्यात काहीच जात नव्हतं. निम्म्यातच दिवा विझला.

या वेळी साहेब स्वतः बाहेर आले. उंच, मऊ बोलणारे. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"दोन चकत्या गेल्या," ते म्हणाले. "चढ आला की पहिला कॉर्नेट वाजतच नाही. मी काचेतून बघतोय. तुमची बोटं चालतात." ते दादाच्या अगदी जवळ आले. "ओठाला काय झालंय?"

"काही नाही. हवा कोरडी आहे."

"बरं." साहेबांनी घड्याळ काढून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. "एक चकती उरलीय. या वेळी मी आत बसत नाही. तुमच्या शेजारीच उभा राहतो. नीट झालं तर उत्तम. नाही झालं तर जिन्यावरची मंडळी आत येतील, आणि मग तुम्ही पुन्हा यायची तसदी घेऊ नका."

ते खरंच उभे राहिले. दादापासून हातभर अंतरावर, हात मागे बांधून, मोज्यांवर. बॅन्जोवाल्याने तारेवरचा घाम पुसला. ड्रमवाल्याने ठोकळा मांडीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. खोलीत शेगडीचा आवाज तेवढा येत होता.

दादाने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्याचा अर्धा चेहरा, एक डोळा. रोजच्यासारखंच.

मी मान डोलावली. हे मी मुद्दाम लिहितोय. मी त्याला होकार दिला.

दिवा दोनदा लागला आणि आम्ही सुरू केलं. नाच असा कधी वाजला नव्हता. सगळे घाबरलेले होते आणि घाबरलेली माणसं एकमेकांना धरून चालतात, तसा ठेका घट्ट झाला होता. क्लॅरिनेटचा तुकडा गेला. पियानो गेला. मी मोजत होतो. आठ, सात, सहा. कॉर्नेट ओठाला लावला. श्वास भरून घेतला.

कुणी म्हणेल, तेव्हा दुसरं काय करणार होतास? साहेब तिथे उभे, कोपऱ्यातून सूर आला असता तर चोरी तिथल्या तिथे पकडली गेली असती, गप्प राहणंच शहाणपणाचं होतं. हे सगळं मला नंतर सुचलं. मी स्वतःला बरेचदा ऐकवतोही. पण त्या क्षणी माझ्या मनात यातलं काहीच नव्हतं. माझ्या मनात एकच होतं. पडू दे. एकदा सगळ्यांसमोर पडू दे याला.

बँड थांबला, चढाची जागा आली, आणि मी वाजवलं नाही.

काहीच आलं नाही. भरलेला श्वास छातीत तसाच ठेवून मी उभा होतो. खोली रिकामी झाली. मेण फिरत होतं, सुई कोरत होती, आणि ती काहीच कोरत नव्हती. पडद्याच्या कडेतून दादाचा एक डोळा मला दिसला. तो माझ्याकडे वळला, थांबला, आणि परत भोंग्याकडे गेला. साहेबांची मान हळूहळू त्याच्याकडे वळायला लागली होती.

मग दादा वाजला.

खाली. अगदी खाली, जिथून चढ सुरू व्हायचा त्याच्याही खाली. आधी नुसती हवा आली, मग तिच्यातून सूर, खरखरीत, कडेला फाटलेला. त्याने वर जायचा प्रयत्नच केला नाही. तोच सूर धरून उभा राहिला. मग एक पायरी चढला आणि खाली आला. पुन्हा चढला, तिथे सूर मोडला, आणि मोडला तिथूनच त्याने तो उचलला, जसं पडलेलं काही माणूस वाकून उचलतो. बॅन्जोवाल्याचा हात आपोआप थांबला. काकांनी कुणी न सांगता खालून एकच लांब सूर दिला, त्याला टेकायला. सहा वर्षं मी त्या माणसाची पाठ बघत आलो होतो. त्याला असं वाजवता येतं हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नसावं.

पंधरा सेकंद. मग सगळा बँड उठला आणि आम्ही नाच शेवटाला नेला. संपल्यावर कुणी हललं नाही. सुई उचलेपर्यंत हलायचं नसतं. दिवा विझला तरी कुणी हललं नाही.

दादाच्या हनुवटीवरून रक्ताची बारीक रेघ शर्टात गेली होती.

"आम्हाला सांगितलेला चढ हा नव्हे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला होता.

मेणवाला दारात उभा होता. ज्याच्या तोंडावरची माशी हलायची नाही, त्याने एप्रनला हात पुसले. "साहेब," तो म्हणाला, "ही चकती मी वाजवून बघत नाही. मोडायची नाही मला. हीच छापा."

साहेबांनी त्या भोंग्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "छापा."

मी पडद्याआड तसाच होतो. दादा माझ्याकडे चालत येताना दिसला आणि माझं धाबं दणाणलं. त्याने पडदा बाजूला केला. सगळ्यांसमोर माझ्या मानेवर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि म्हणाला, "कळलं मला."

मला वाटलं, संपलं. याला सगळं कळलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही झालं.

"तू मान डोलावलीस तेव्हा नाही कळलं," दादा म्हणाला. बोलताना ओठातून रक्त येत होतं. "तू वाजवला नाहीस तेव्हा कळलं. हॉलमधलं काय, हवेत विरून जातं रे. पण मेणावर राहतं. मेणावर ते चोरीचं नको होतं मला, आणि नको म्हणायची हिंमतही नव्हती. तू वाजवला असतास तर आजही घेतला असता मी तुझ्याकडून. तू जागा सोडलीस माझ्यासाठी. एवढा भरवसा माझा मलाही नव्हता."

काका डोळे पुसत होते. क्लॅरिनेटवाला माझी पाठ थोपटत होता.

मी म्हणालो, "हो."

एवढंच. तेव्हा सांगायला हवं होतं. ओठ हलवायला कितीसा वेळ लागतो?

तबकडी तीन आठवड्यांनी आली आणि पुढचं सगळं जगाला माहीत आहे. तिच्यावर लेख आले. लोकांनी तो तुकडा पाठ केला, मुद्दाम खरखर आणून वाजवायला लागले. दादाने त्यानंतर कॉर्नेट पेटीत ठेवून दिला. बँडसमोर नुसती छडी घेऊन उभा राहायचा. पहिल्या कॉर्नेटची खुर्ची त्याने मला दिली, हॉलमध्ये, भर गर्दीत, हात वर धरून. "या खुर्चीवर बसायला याच्यापेक्षा मोठं मन कुणाचं नाही," असं म्हणाला. त्या खुर्चीवरून मी वीस वर्षं वाजवलं. मला जे काही नाव मिळालं ते तिथूनच मिळालं.

आता आम्ही दोघंही म्हातारे आहोत. रविवारी मी त्याच्याकडे जातो. कुणी पाहुणा आलेला असला की दादा ती तबकडी लावतो. बँड थांबतो, ती रिकामी जागा येते, आणि दादा बोट वर करतो.

"थांबा. ऐका. हा आत्ता जो आहे ना, हा माझा भाऊ."

मग त्याचा खालचा सूर येतो आणि पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मला तेव्हा स्वतःची लाज वाटते. इतकी वर्षं झाली तरी ती कमी झालेली नाही.

परवाच्या रविवारी मी ठरवून गेलो. पाहुणे नव्हते. वहिनी चहा ओतत होत्या. तबकडी लागली, बोट वर गेलं, आणि मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी रागाने गप्प बसलो होतो. तू पडावंस म्हणून. तुझ्यासाठी नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"ऐकलंस का गं?" तो वहिनींना म्हणाला. "याला कधी स्वतःचं कौतुक ऐकवतच नाही. चाळीस वर्षं झाली, अजून अंगावर घेत नाही पठ्ठ्या."

आणि त्याने सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली.

वहिनी हसल्या नाहीत. चहाची किटली हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझा कप भरला आणि माझ्यासमोर ठेवला.